धुरपताबाईनं निवडलेली वाळू

धुरपताबाई वाळू दाताखाली धरून बघायची. चिमूटभर जिभेवर ठेवायची, पुढच्या दातांनी हळू दाबायची, कुरकुर ऐकत थांबायची आणि मग बाजूला थुंकायची. "ही गाळाची हाय," म्हणायची, नाहीतर "ही चालंल." पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला किळस आली होती. पण इतकं नीट बघून एखादी गोष्ट घेणारं माणूस पुढं मला भेटलं नाही. देवाच्या नैवेद्याचे तांदूळसुद्धा मी तेवढे निवडत नाही.

ती भोयाची. आमचं तालुक्याचं गाव गंगेच्या काठी. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. तिचा नवरा अंगद पावसाळ्यात नाव चालवायचा, आणि पाणी उतरलं की दोघं मिळून नदीच्या पात्रात टरबूज-खरबुजाची वाडी करायची. पात्रातली वाळू सरकारची. दिवाळी सरली की तहसीलमधून ज्याच्या त्याच्या नावाचा कागद निघायचा, अमक्यानं अमक्या जागी वेल लावावेत म्हणून. कागद बाप्याच्या नावानं निघायचा. बाईच्या नावानं कधी निघाला नव्हता, आणि कुणी बाईनं तो मागितलाही नव्हता.

निजामाच्या राज्यात तेव्हा फसली तेराशे एक्कावन्न साल संपत आलं होतं, म्हणजे इंग्रजी बेचाळीस. त्या आषाढात अंगद हिवतापानं गेला. मूलबाळ नव्हतं. दहाव्याच्या दिवशी नदीवरच अंगदचा चुलतभाऊ मुंजाजी तिला म्हणाला, "वैनी, वाडीची काळजी करू नको. औंदापासून म्या बघतो."

धुरपताबाईनं पदर पुढं ओढला. "बघ की. लांबून बघ."

एवढ्या दुःखातही मागं बसलेल्या दोघीतिघी फिसकन हसल्या. मुंजाजीनं ते हसू मनात ठेवलं असावं.

वाडी गेली तर तिच्यापुढं दोनच वाटा होत्या. मुंजाजीच्या दारात भाकरीला जायचं, नाहीतर गाव सोडायचं. ती हे मोकळेपणानं सांगायची. "कारकूनबाई, त्याच्या बायकोच्या हातची भाकर म्या खाईन, पण ती वाढताना जे बोलंल ते न्हाई गिळायचं."

आमचे हे तहसीलमध्ये कारकून होते. तहसीलदारसाहेबांच्या बंगल्यामागं दोन खोल्यांत आम्ही राहायचो. मी मराठी चौथी झालेली, म्हणून बेगमसाहेबांनी मला दुपारी बोलावणं सुरू केलं. त्यांना मराठी लिहायला शिकायचं होतं. खरं म्हणजे त्यांना बोलायला माणूस हवं होतं. माहेर हैदराबादेत, दोन लेकरं होऊन राहिली नाहीत, आणि दिवस सगळा पडद्याआड. मी अ-आ गिरवून घ्यायची, त्या दोन ओळी काढून पाटी बाजूला ठेवायच्या. "आज बस, मास्तरीणबाई. हात दुखरा."

त्यांच्या भावानं हैदराबादेहून त्यांना काचेची पेटी पाठवली. चार बाजूंनी काच, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, लांबी माणसाच्या दोन हातांएवढी. परभणीपर्यंत आगगाडीनं आली, तिथून कडब्यात गुंडाळून बैलगाडीत. बरोबर कलईच्या डेगीत नऊ मासे, काही लाल, काही सोनेरी, आणि ओल्या फडक्यात पाण्यात वाढणारी झाडं. बुडाशी वाळू अंथरायची, झाडं तिच्यात रोवायची, वर पाणी भरायचं, असं भावानं लिहिलं होतं. कसली वाळू, ते लिहिलं नव्हतं.

शिपायानं बांधकामाच्या ढिगातली वाळू आणून टाकली. चार दिवस पाणी चुना कालवल्यासारखं पांढुरकं राहिलं, मासे दिसेनात. ती काढली. मग साहेबांनी पालमच्या बाजूनं पांढरी वाळू मागवली. दिसायला लय सुरेख, बारीक बारीक शिंपल्यांची. बेगमसाहेब खुश झाल्या. पंधरा दिवसांत झाडांची पानं पिवळी पडली, त्यांच्यावर पांढरी खरबरीत साय चढली आणि दोन मासे मेले. मेलेले मासे त्यांनी स्वतःच्या हातानं अंगणात पुरले आणि त्या दिवशी पाटीला हात लावला नाही.

तेव्हा मीच म्हणाले, "वाळूतलं कळणारी एक बाई आहे."

धुरपताबाई आली. पायरीशी बसून पेटीकडं बघत राहिली. मग एक लिंबू मागितलं. त्या पांढऱ्या वाळूची मूठ वाटीत घेऊन तिच्यावर लिंबू पिळलं. वाळूवर बारीक फेस आला.

"चुना हाय हिच्यात," ती म्हणाली. "शिंपल्याचा. मुळाला पोळायलाय."

"कौन सिखाया तुमकू?" बेगमसाहेबांनी विचारलं.

"सासूनं, बेगमसाब. शिकवती कुठली, डोक्यात टोले मारायची. डोकं दुखलं, पण टिकलं सारं डोक्यातच."

बेगमसाहेब हसल्या. त्यांना मी मोठ्यानं हसताना तेव्हाच बघितलं. त्या हसण्याचा धीर येऊन धुरपताबाईनं वाडीचं बोलणं काढलं. बेगमसाहेबांनी ते रात्री जेवताना साहेबांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी साहेब व्हरांड्यात येऊन उभे राहिले. तिच्याशी ते जमेल तसं मराठी बोलायचे. "देख बाई. दिवाळीपर्यंत झाडं मूळ धरतील, मासे जगतील, तर कागद तुझ्या नावाचा. मी लिहून देतो."

धुरपताबाईनं जमिनीला हात लावला.

वाळू आणायला मी तिच्याबरोबर गेले. नदी अजून भरलेली होती, पण कडेचं वाळवंट उघडं पडायला लागलं होतं. आधी तिनं काठावर हळदकुंकू वाहिलं आणि नारळ पाण्यात सोडला. "घ्यायच्या आधी सांगावं लागतंय तिला," म्हणाली. मीही हात जोडले.

मग तिनं तीन जागा बघितल्या. घाटाखालची वाळू तिनं नुसती हातात घेतली आणि टाकून दिली. तिथं लोकांच्या अस्थी-राख सोडतात, ती घ्यायची नाही. दुसरी वळणावरची. ती पिठासारखी मऊ, मला वाटलं हीच छान. तिनं लोट्यात पाणी घालून खळखळून हलवली आणि माझ्यापुढं धरली. किती तरी वेळ पाणी गढूळच.

"ही बसली की फरशीवाणी बसती. मुळाला वाट न्हाई मिळत."

तिसरी जागा अंगदच्या वाडीची. वरची हातभर वाळू तिनं उपसून टाकली आणि खालची ओली, तपकिरी काळसर वाळू काढली. तळव्यावर चोळली. लिंबू पिळलं, फेस आला नाही. दाताखाली धरली.

"ज्वारीएवढी असली तर माशाचं खाणं फटीत पडून नासतंय. रव्यावाणी असली तर दबती. राळ्याएवढी पायजे." राळ्याचा दाणा तिनं पदराच्या गाठीत बांधूनच आणला होता. तो वाळूशेजारी ठेवून तिनं मला दाखवला.

"दिसायला मेली काळी," मी म्हणाले.

"मुळं काय आरशात बघत्यात व्हय?"

दोन टोपल्या वाळू आम्ही सात पाण्यांनी धुतली. डोहातून तिनं लांब पात्याचं पाणगवत मुळासकट उपटून आणलं. हैदराबादची झाडं राहतील न राहतील, हे गंगेचं, हे राहील, असं तिचं म्हणणं.

आता जे सांगायचं ते मला बरेच दिवस कुणाला सांगता आलं नव्हतं. बंगल्यात पेटी रिकामी करून आम्ही दोघीच होतो. मासे डेगीत काढलेले. धुरपताबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि काळपट भुगा मूठमूठ करून पेटीच्या बुडाशी पसरला. धनगरांच्या मेंढ्या बसतात तिथलं जुनं लेंडीखत होतं, कुटून बारीक केलेलं.

"अगं, हे काय करायलीस?"

"वाडीत काय करतो आमी? खड्डा खणायचा, ओल लागली की बुडाला खत, मग वर वाळू. नुसत्या वाळूत काय हाय, बाई? वाळू म्हंजी घर. घरात खायला नगं?"

"पण बेगमसाहेबांना कळलं तर? पाण्यात लेंड्या म्हणजे..."

"म्हणून तर तुमी बोलायचं न्हाई."

मी बोलले नाही. मला ते पटलंच होतं. ज्या हातांनी दर वर्षी वाळूतून टरबुजं काढली, ते हात चुकतील असं मला कशाला वाटावं?

खतावर चार बोटं वाळू अंथरली. मागच्या बाजूला उंच, पुढं उतरती. ताटली ठेवून तिच्यावर पाणी ओतलं, म्हणजे वाळू उधळत नाही. संध्याकाळपर्यंत पाणी इतकं निवळ झालं की काच आहे की नाही कळेना.

आणि गवतानं काय मूळ धरलं! दसऱ्यापर्यंत पाती पाण्याच्या वर येऊन आडवी पसरली. मुळांशेजारून नवे कोंब निघाले. हैदराबादच्या मरतुकड्या झाडांपैकी एकाला तांबूस शेंडा आला. सात मासे त्या हिरव्यातून ये-जा करायचे, आणि बेगमसाहेब तासन्‌तास समोर बसायच्या. मराठीत त्यांनी पहिला शब्द स्वतःहून लिहिला तो 'मासा'. साहेब पाहुण्यांना पेटी दाखवायचे, वाळू आमच्या गंगेची म्हणून सांगायचे.

मुंजाजी एकदा बंगल्याच्या फाटकाशी धुरपताबाईला आडवा आला. "वैनी, आता काय साहेबाच्या घरात टरबुजं लावतीस का?"

"लावते की. पिकलं तर तुला साल पाठवीन."

कागदाचा मसुदा आमच्या ह्यांच्याच हातून उर्दूत लिहिला गेला. 'मुसम्मात धुरपताबाई जौजे अंगद भोई', म्हणजे अंगद भोयाची बायको धुरपताबाई. ह्यांनी घरी येऊन मला वाचून दाखवला. दिवाळीनंतर सही व्हायची होती. धुरपताबाई तोवर थांबली नाही. पाणी उतरेल तसे तिनं वाडीत खड्डे खणायला घेतले, एकटीनं, ओळीनं. मी म्हटलं, कागद हातात येऊ दे. ती म्हणाली, "ओल कागदाची वाट बघत न्हाई."

कार्तिक लागला तरी दुपारी ऊन कडक होतं. पेटीतलं पाणी थोडं पिवळसर दिसायला लागलं होतं. मधूनच बुडातून एखादा बुडबुडा वर यायचा आणि फुटायचा. बेगमसाहेब म्हणाल्या, वाळू श्वास घेते. मलाही ते गोड वाटलं. एक झाड फार दाटलं म्हणून एका संध्याकाळी त्यांनी काठीनं त्याचं मूळ उकरून काढलं. तेव्हा भसाभसा बुडबुडे आले आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटला. त्यांनी नाकाला ओढणी लावली, काठी ठेवली आणि निजायला गेल्या.

सकाळी सातही मासे पाण्यावर उलटे तरंगत होते.

बेगमसाहेब रडल्या नाहीत. पाटावर बसून राहिल्या. मी जवळ गेले तर मराठीत म्हणाल्या, "पुन्हा." फक्त तेवढंच. मला कळलं, त्या न राहिलेल्या लेकरांविषयी बोलतायत.

साहेबांचा राग मात्र दगडाबाईवर आला. ती बंगल्यात भांडी घासायची आणि पेटीची काच पुसायची. आदल्या दिवशी तिनं काच पुसली होती. "राखेच्या हातानं पुसली असेल," शिपाई म्हणाला. झालं. दगडाबाईचा नवरा बंगल्यावरच रखवालदार होता. साहेब म्हणाले, दोघांनीही आजच्या आज खोली रिकामी करायची. दगडाबाई पायरीवर डोकं आपटत होती. "हुजूर, हात धुतले होते. लेकराची आण, धुतले होते."

मी भिंतीशी उभी होते. मला लेंडीखत आठवत होतं. पण आमच्या ह्यांची नोकरी, आणि आम्हीही त्याच आवारात राहणारे. मनात देवाचं नाव घेत उभी राहिले आणि तोंड उघडलं नाही. एवढंच माझं.

नेमक्या त्याच दिवशी धुरपताबाईला कागद घ्यायला बोलावलं होतं. ती आली ती धुतलेलं लुगडं नेसून, कपाळाला अंगारा लावून. आत काय झालंय ते तिला माहीत नव्हतं. साहेबांच्या टेबलावर कागद तयार होता, सही व्हायची राहिली होती. शिपायानं तिला सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "तुझी काय चूक नाही बाई. तुझी वाळू चांगली होती. थांब, सही करतो." त्यांनी दौत पुढं ओढली.

धुरपताबाई टेबलाकडं गेली नाही. पेटीपाशी गेली. बाही वर केली, हात पाण्यात घालून बुडाशी नेला आणि मूठभर काढून वर आणली. वाळू खालून काळीकुट्ट झालेली. तिनं मूठ नाकाशी नेली. पायरीवर दगडाबाई हुंदके देत होती.

मी मनात म्हणत होते, बोलू नकोस. आधी सही होऊ दे, मग बोल.

"साहेब," ती म्हणाली, "तिला सोडा. राखेनं न्हाई मेले. म्या मारले."

"क्या?"

"खाली लेंडीखत घातलंय म्या. न सांगता. नदीत वाळूच्या खालूनबी पाणी चालत असतंय, साहेब. खताची घाण ते पाणी घिऊन जातंय. हितं पाणी उभं. घाण जाईल कुठं? तितंच कुजली. हे माझ्या ध्यानात यायला पायजे होतं. म्या पेटीला नदी समजले."

दगडाबाईचं रडणं थांबलं. साहेब वाईट माणूस नव्हते. ते तिच्याकडं बघत राहिले, मग आत बसलेल्या बेगमसाहेबांकडं. बेगमसाहेबांनी मान फिरवली. साहेबांनी टाक पुसून ठेवला. "पूछना था, बाई," एवढं ते म्हणाले. कागद त्यांनी टेबलाच्या खणात सरकवला.

धुरपताबाईनं ती मूठभर वाळू इकडंतिकडं टाकली नाही. पदरात घेतली आणि फाटकाबाहेर गेली.

आठवड्यानं मुंजाजीच्या नावाचा कागद निघाला. तोही आमच्या ह्यांनीच लिहिला. घरी आल्यावर ते जेवले नाहीत, पोट दुखतंय म्हणाले.

मी नदीवर गेले तर धुरपताबाई वाडीत होती, मुंजाजीबरोबर. खड्ड्यांच्या ओळी तिनं खणून ठेवलेल्याच होत्या. ती त्याला सांगत होती, ह्या चार खड्ड्यांत खत कमी घाल, इथं ओल वर हाय. मुंजाजी हातात फावडं घेऊन गुमान ऐकत होता. त्याचं तोंड बघवत नव्हतं. शेवटी म्हणाला, "वैनी, ऱ्हा की हितंच. कामाला कोण नगं म्हणतंय?"

"तूच म्हणशील. वरीसभरानं."

मी तिला बाजूला घेऊन म्हणाले, "दगडाबाई तरी तुला दुवा देत असेल." तसं नव्हतं. दगडाबाई आदल्याच दिवशी मला बोलली होती, हिच्यामुळं तर माझ्यावर आळ आला, आता मोठी पुण्यवान झालीय. मी ते लपवायला गेले, पण धुरपताबाईच्या कानावर आधीच गेलं होतं.

"खरं हाय की तिचं," ती हसून म्हणाली. "खत म्याच घातलं न्हवं?"

मग मी विचारलं, सहीनंतर बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? तिनं माझ्याकडं जरा नवलानं बघितलं. "तवर तिचं डोकं फुटलं असतं पायरीवर," म्हणाली.

मार्गशीर्षात ती मानवतला गेली. तिथं सरकी काढायच्या कारखान्यात बाया कापूस निवडायला लागायच्या. बंगल्यातली पेटी शिपायांनी उपसून मागच्या पडवीत ठेवली. पुढं साहेबांची बदली झाली, तेव्हा ती गाडीत चढलेली मी काही बघितली नाही.

धुरपताबाईला मी एकदाच पुन्हा भेटले, सत्तेचाळीसच्या माघात, मानवतला एका लग्नाला गेले होते तेव्हा. मुद्दाम कारखान्याच्या दाराशी जाऊन थांबले. दुपारच्या सुट्टीत ती बाहेर आली. केसांत, भुवयांत कापसाचा पांढरा भुगा. आधी ओळखलंच नाही मी. बोलता बोलता खोकत होती, आणि खोकला आला की छातीवर हात दाबायची. हातात कापसाचा पुंजका होता. त्यातली काडी, कचरा न बघताच बोटांनी वेचत होती. मी भाकरी आणि लाडू दिले. तिनं लाडू कपाळाला लावून पदरात बांधला.

"सगळी बरी हायत?" तिनं विचारलं. मी म्हटलं, बरी आहेत.

मग म्हणाली, "कारकूनबाई, औंदा वाळू कुठवर आलीय? वळणापाशी सरकली का डोहाकडं?"

नदी दर पावसाळ्यात वाळू हलवते. वाडी करणारे आधी ते बघतात. मी पाच वर्षं त्या काठावर राहत होते, रोज सकाळी आंघोळीला जात होते, सूर्याला अर्घ्य देत होते. वाळू कुठं आली, हे एकदाही बघितलं नव्हतं.

"वळणापाशीच," मी म्हणाले. "चांगली आलीय. भरपूर."

तिनं मान हलवली. कारखान्याचा भोंगा झाला आणि ती आत गेली. पुढच्या वर्षीच्या धामधुमीत, रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं हलली, तेव्हा तिची खबर तुटली. नंतर कळलं, खोकल्यानंच गेली, त्याच पावसाळ्यात.

मानवतहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेले तेव्हा मी थांबून बघितलं. वाळू डोहाकडं सरकली होती. वळणापाशी नुसता गाळ होता.